गार बॉनेट

नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्याच्या पोर्चमध्ये शिरले आणि सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात टेकवला. गरम होतं. उन्हानं पत्रा तापतो तसं नव्हे, आतून येणारी धग होती. गाडी तर सावलीत उभी होती. आदल्या रात्री फोनवर मी दोनदा सांगितलं होतं, "सर, उद्या सकाळी गाडी सुरू करू नका, आम्ही आल्यावरच करू." ते "हो, हो" म्हणाले होते. आता हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून येणार, म्हटलं एक चक्कर मारून गाडी तयार ठेवावी."

बीएमडब्ल्यूची झेड-फोर. दोन सीटा, लांबलचक नाक, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं ॲल्युमिनियमचं छत. पुढे २,९७९ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्यात हवा दाबून भरणारे दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. ही गाडी घ्यायची आहे असं मी घरी सांगितलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "दोनच सीटा? मग मी कुठं बसायचं?" मी म्हटलं, "माझ्या शेजारी." त्यावर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना ती उघडणाऱ्या छताबद्दल सांगत होती.

नवी घेणं आवाक्याबाहेरचं होतं. दहा-बारा वर्षं जुनी परवडणार होती, आणि अशा गाड्या कुणाच्या तरी घरी कव्हर घालून उभ्या असतात. त्या बघायच्या तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर जावं लागतं. तिथं चहा मिळतो, पोहे मिळतात, आणि गाडीबद्दल प्रश्न विचारायची वेळ आली की जीभ जड होते.

गार इंजिनाचा एवढा आग्रह का, ते सांगते. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा पहिला सेल्फ खूप काही सांगून जातो. इंजिनाला जोरानं इंधन पुरवणारा हाय प्रेशर फ्युएल पंप थकलेला असेल तर सेल्फ लांबतो; याच जातीच्या इंजिनांच्या पंपासाठी कंपनीनं २०१० मध्ये अमेरिकेत १ लाख ३० हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजेक्टर गळत असेल तर पहिल्या काही सेकंदांत इंजिन अडखळतं, धूर दिसतो. टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा, म्हणजे वेस्टगेटचा, दांडा सैल झाला असेल तर डब्यात फुटाणे हलवल्यासारखा खुळखुळ आवाज येतो. इंजिन एकदा तापलं की यातलं बरंचसं झाकलं जातं. गरम गाडी दाखवणं म्हणजे ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेणं.

मी म्हटलं, "सर, तीन-चार तास थांबले तर चालेल? इंजिन गार होऊ दे." त्यांचा चेहरा पडला. रागावले नाहीत. दुखावल्यासारखं म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

आणि मी म्हटलं, "नाही, नाही, तसं काही नाही."

त्या क्षणी माझं सगळं गेलं. पुढे गाडीत बसले, त्यांनी कॉलेज रोडला एक फेरी मारली, छत उघडलं, सकाळचं ऊन आत आलं, सिग्नलला दोन पोरांनी वळून बघितलं, आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. घरी परतल्यावर त्यांच्या पत्नीनं पोहे वाढले. "दुपारी मुंबईचं एक गिऱ्हाईक येतंय," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे फोनवरून २५ हजार रुपये टोकन पाठवलं. पावती मागितली नाही. कसं मागणार? त्यांच्या घरचे पोहे खात होते.

पुण्याला आल्यावर गाडीचा नंबर सरकारी ॲपवर टाकला. गाडीवर बँकेचा बोजा होता. फोन केला तर म्हणाले, "आठ दिवसांत एनओसी येईल, त्यात काय एवढं." मग इन्शुरन्सची प्रत मागवली. तीत मी एकच ओळ शोधत होते, नो क्लेम बोनसची. एक वर्ष दाव्याशिवाय गेलं की हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षं सरळ गेली की ५० टक्के. दावा केला की पुन्हा शून्य. त्यांच्या पॉलिसीवर शून्य होतं. गाडीला ओरखडासुद्धा आलेला नाही असं सांगणाऱ्या माणसाच्या पॉलिसीवर शून्य. विचारलं तर आवाज बदलला. "मॅडम, तुम्हाला घ्यायची नाही म्हणा सरळ. टोकन परत मिळत नसतं. मी मुंबईच्या माणसाला नाही सांगितलंय तुमच्यासाठी."

पैसे गेले याचं दुःख झालंच. २५ हजार रुपये मला लहान नाहीत. पण जास्त लागलं ते वेगळंच. मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटी विभागात काम करते. वीस वर्षं झाली. गाड्यांना लागणारे सुटे भाग बाहेरून येतात, ते मोजायचे, घासून बघायचे, कापून बघायचे आणि नापास असतील तर लाल टॅग लावून परत पाठवायचे, हे माझं रोजचं काम आहे. शंभरातला एक भाग दोन शतांश मिलिमीटरनं चुकला म्हणून मी आख्खा लॉट थांबवलेला आहे, आणि ज्याचा लॉट थांबवला त्या माणसाबरोबर त्याच दुपारी कँटीनमध्ये जेवलेही आहे. तिथं कुणी मला विचारत नाही की आमच्यावर विश्वास नाही का. तपासणी हा कामाचा भाग आहे हे दोघांनाही माहीत असतं. मग तीच मी, एका पोर्चमध्ये, एका वाक्यापुढे गप्प का झाले?

आमच्या आजीच्या तोंडी एक म्हण असायची, भीड भिकेची बहीण. लहानपणी ती मला फार कठोर वाटायची. भिडस्त माणूस म्हणजे चांगला माणूस, असंच आम्ही शिकलो. कुणाच्या घरी दुसऱ्यांदा चहाला नाही म्हणायचं नाही, दुकानदारानं दहा साड्या उलगडल्या तर एक तरी घेऊन उठायचं. या वळणात खूप गोडवा आहे आणि मला तो सोडायचा नाही. पण गाडी विकणाऱ्या माणसाला हे वळण आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. "विश्वास नाही का" हा प्रश्न तो गाडीबद्दल विचारत नाही. आपण वाईट माणूस आहोत का, असं तो विचारतो, आणि नाही हे सिद्ध करायला आपण तपासणी सोडून देतो.

शिवाय कायदाही इथं फारसा पाठीशी नसतो. आपल्याकडचा वस्तू विक्रीचा कायदा १९३० चा. घरगुती माणसाकडून घेतलेल्या जुन्या वस्तूला तो गुणवत्तेची हमी सहसा आपणहून जोडत नाही; बघून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. विकणारा धडधडीत खोटं बोलला तर दाद मागता येते, पण ते सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? म्हणजे बघायचं ते पैसे देण्याआधीच बघायला हवं.

नाशिकनंतर मी एकटी जायचं बंद केलं. शुक्रवार पेठेतले आमचे मिस्त्री सोबत घेतले. साठीचे आहेत, बोलतात कमी. पहिल्याच दिवशी गाडीत त्यांनी मला सांगितलं, "ताई, तो माणूस काय बोलतो ते ऐकत बसू नका. गाडीच्या कुठल्या कोपऱ्यापाशी उभा राहतो ते बघा. जिथं दुखणं असतं तिथं मालक आपसूक आडवा उभा राहतो." मी हसले होते. पुढच्या चार गाड्यांत तीनदा हे खरं ठरलं.

ठाण्याच्या मुलाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याच्यावर जास्त वेळ घालवावा असं तिथं काही नव्हतं. त्याच्याकडची गाडी त्याच्या मामाच्या नावावर होती. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो माझ्या भावाला देत होता. "दादा, तुम्ही बघा ना, यांना काय कळणार." भाऊ बिचारा बँकेत आहे, त्याला डिकी कुठून उघडते तेही माहीत नव्हतं. मिस्त्रींनी पिशवीतून गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर काढला तसा तो मुलगा स्टीअरिंगखालच्या सॉकेटसमोर बसून राहिला: "हे लावलं तर गाडीचा सॉफ्टवेअर जाईल." बारा वर्षांच्या गाडीला साधा स्कॅनर लावून काही जात नाही. मग म्हणाला, चला, फिरवून दाखवतो, आणि घोडबंदर रोडला गाडी अशी काही हाणली की मी दोन्ही हातांनी दार धरून बसले. एवढ्या वेगात गाडीचा कुठलाच आवाज ऐकू येत नाही, आणि तेच त्याला हवं होतं. उतरल्यावर मी "नको" म्हटलं. फक्त "नको". कारण दिलं नाही. त्याला राग आला, तो काहीतरी पुटपुटला, आणि मला कळलं की समोरच्याला राग आला तरी मला काही होत नाही. घरी येताना खोपोलीला आम्ही वडापाव खाल्ला. तो दिवस मला वाया गेलासा वाटला नाही.

पण विकणाऱ्याची बाजूही मी हळूहळू शिकले. अशी गाडी विकायला काढली की खरी गिऱ्हाइकं पाच येतात आणि नुसते बघे पन्नास. कुणाला सीटवर बसून फोटो हवा असतो, कुणाला फुकट चक्कर हवी असते. अनोळखी माणसाच्या हातात ३०६ अश्वशक्ती द्यायची आणि त्यानं कुणाला उडवलं तर? आरसीवर नाव आपलं. विकून झाल्यावरही हे संपत नाही: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. हे कळल्यापासून मी जाताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० छापून, माझा मजकूर भरून बरोबर नेऊ लागले. लायसन्सची प्रतही देते. ट्रान्सफर माझ्या खर्चानं, चौदा दिवसांच्या आत, असं आधीच सांगते. निम्म्या विक्रेत्यांच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्यानं जातात. ज्यांच्या जात नाहीत, त्यांचं कारण बहुतेक वेळा गाडीतच असतं.

बहुतेक वेळा. सांगलीचे काका त्या बहुतेकांत बसले नाहीत.

फोनवरच त्यांनी मला झापलं होतं. "बघायला यायचं असेल तर या. घासाघीस नको. गाडी मी चालवणार, तुम्ही शेजारी बसायचं. आणि ते मशीन-बिशीन काही नको." हळदीचे व्यापारी, मार्केट यार्डात अडत दुकान, आता मुलगा बघतो. गाडी २०११ ची, एमएच-१० पासिंग, ३१ हजार किलोमीटर, मागणी २२ लाख. पंधरा वर्षांची नोंदणी संपायला तीन वर्षं उरलेली, म्हणजे पुढे आरटीओचा खर्च माझ्या माथी, हेही मी धरलं होतं. मे महिन्यात, पेठ नाक्यावरून आत वळून, आम्ही दुपारी पोचलो. गाडी हळदीच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांच्या मधे उभी होती. काळी. टायरांवरसुद्धा पिवळसर धूळ.

बॉनेट गार होतं. मी मनातल्या मनात एक खूण केली.

मग मी तो प्रश्न विचारला जो सांगली-कोल्हापूरच्या कुठल्याही गाडीबद्दल विचारावाच लागतो. "काका, गाडी पुरात होती का?"

ते एकदम उभे राहिले. "झालं? चला, निघा तुम्ही." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. थोड्या वेळानं काका दुसरीकडे बघत बोलले. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली. त्यांचं गावभागातलं जुनं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. २००५ च्या पुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत साठवलेली त्यांच्या वडिलांच्या वेळची हळद गेली होती, या वेळी घर गेलं. गाडी तेवढी आदल्या रात्री विश्रामबागेत मेहुण्याकडे नेऊन लावलेली, म्हणून वाचली. "येतो तो हेच विचारतो," ते म्हणाले. "घर गेलं त्याचं कुणी विचारत नाही. गाडी भिजली का ते विचारतात."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना घराबद्दल विचारलं, आणि खरंच ऐकायचं होतं म्हणून विचारलं. आतल्या सागवानी देव्हाऱ्याबद्दल, चिखल काढायला लागलेल्या एकवीस दिवसांबद्दल ते बोलले. नाशिकला मी अशा वेळी काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हटलं असतं, राहू दे काका, तुमचा शब्द पुरे. त्या दिवशी मी ऐकून घेतलं, आणि मग म्हटलं, "काका, तुमचा शब्द मला पटलाय. तरी मी सीटबेल्ट ओढून बघणार आहे. तुम्ही हळकुंड मोडून न बघता सौदा केलाय का कधी?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग थप्पीतल्या एका पोत्यात हात घातला, एक हळकुंड काढलं, कटकन मोडलं आणि आतला केशरी रंग माझ्यापुढे धरला. "बापाच्या मालाचं पण मोडून बघायचो," ते म्हणाले. "बघा. बघा सगळं."

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पुरातली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, कारण धुणारा तिथवर पोचत नाही. इथं पट्टा टोकापर्यंत स्वच्छ होता, कारखान्याची चिठ्ठी शिवलेली. सीटच्या रुळांचे बोल्ट कोरडे, डिकीतला गालिचा उचलल्यावर खाली चकचकीत पत्रा. रंगाची जाडी मोजायचं माझं छोटं यंत्र मी सगळ्या पत्र्यांवरून फिरवलं. ११०, १२५, ११८ मायक्रॉन. डावीकडे मागच्या चाकाच्या वर २९०. म्हणजे तिथं लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंग दिलेला. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "उसाची ट्रॉली घासली. पेठच्या रस्त्याला. लिहून ठेवा." मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि रिमच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली. या गाड्यांना रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे टायर असतात, त्यांच्या भिंती टणक, त्यामुळे खड्ड्याचा मार टायर सोसत नाही, रिमला तडा जातो. एका रिमला आतून वेल्डिंग होतं. "ते पण लिहा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आता एक वेगळीच घाई होती, जणू आपणच आधी सांगावं अशी.

फक्त छताचं नाव काढलं की ते डिकीपाशी जाऊन उभे राहात. "छत नको. धूळ बसते." मिस्त्रींनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी म्हटलं, "काका, बावीस लाखांतले निम्मे तर मी छताचेच देतेय." ते गप्प. मग त्यांनी चावी मला न देता स्वतः आत बसून बटण दाबलं.

डिकीचं झाकण उलटं, पुढच्या बाजूनं उचललं गेलं. छत मधोमध दुमडलं. आणि तसंच थांबलं, अर्धं हवेत. काकांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं, काही नाही. "दोन वर्षं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "कधी चालतं, कधी असं अडकतं. आख्खं हायड्रॉलिक बदला म्हणाले एका ठिकाणी. पावणेतीन लाख."

छत आहे तसं ठेवून गाडी उजेडाला हवी म्हणून आम्ही ती ढकलत दारापर्यंत आणली, आणि त्याच वेळी वळीव आला. सांगलीचा वळीव सांगून येत नाही. गोदामाच्या पत्र्यावर दाणदाण थेंब, दारातून आडवा मारा, आणि आमच्या पुढ्यात बिनछताची गाडी. काका ओरडले, दोन हमाल हळदीच्या पोत्यांवरची ताडपत्री ओढत आले, आणि एकेक कोपरा धरून आम्ही सगळे गाडीभोवती उभे राहिलो. ताडपत्रीला हळदीचा वास. आत मिस्त्री, तोंडात टॉर्च धरून, डिकीच्या बिजागरीपाशी वाकलेले. तिथं एक रबरी नळी असते, तिच्यातून वायरी झाकणाकडे जातात. झाकण दर वेळी उघडताना त्या वाकतात, आणि वाकून वाकून तुटतात. मिस्त्रींनी रबर मागे सारलं. एक वायर पूर्ण तुटलेली, दुसरी दोन धाग्यांवर लोंबकळत होती. त्यांनी त्या सोलल्या, जोडल्या, टेप गुंडाळला. "दाबा," ते म्हणाले.

छत उठलं, पुढे आलं, बसलं. वीस सेकंदांत. काकांनी पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. पाऊस थांबल्यावर बाहेर नेऊन आणखी एकदा उघडलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की आता हा सौदा होत नाही.

"आज नको ताई," ते म्हणाले. "मला विचार करू दे." मिस्त्रींच्या हातात त्यांनी पाचशेची नोट ठेवायचा प्रयत्न केला, मिस्त्रींनी घेतली नाही. मला एक पुडा हळद दिली. परतताना मिस्त्री म्हणाले, "आपण दुरुस्त केली आणि आपलीच गाडी गेली." त्यांना वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. पण त्या गोदामात मी कुणाला न दुखावता आणि काही न सोडता एक गाडी पूर्ण तपासली होती, आणि नाशिकपासून उरात अडकलेलं काहीतरी सुटलं होतं.

पाच आठवडे गेले. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "ताई, पोरगं मला म्हणतंय, बाबा, तुम्ही गाडी चालवता कधी, नुसती पुसून ठेवता. खरं आहे त्याचं. काल संध्याकाळपासून गाडीला हात लावलेला नाही. उद्या सकाळी या. गार आहे."

रात्री दोनला आम्ही पुणे सोडलं. पेठ नाक्याला झुंजूमुंजू झालं. सहाच्या सुमारास गोदामाचं दार उघडंच होतं, काका आत खुर्ची टाकून बसलेले, स्वेटर घातलेला. गाडी दाराशी आणून ठेवलेली. "ढकलत आणली," ते म्हणाले, मी विचारायच्या आधीच. बॉनेटवर पावसाची बारीक फवार बसली होती. मी तळहात टेकवला. थंडगार.

त्यांनी चावी मला दिली. बसले, सीट पुढे घेतली, बटण दाबलं. सेल्फ एकदा फिरला आणि इंजिन पेटलं. लांबला नाही. गार इंजिन असतं तसं सुरुवातीला मोठ्यानं घुमलं, मग हळूहळू खाली आलं. मिस्त्री मागे सायलेन्सरपाशी, हात धुरात धरून उभे. काका बॉनेटपाशी, मान जरा वाकडी करून. मी काच खाली केली. घुमण्याच्या खाली कुठेतरी, बारीक, डब्यातल्या फुटाण्यांसारखं काहीतरी वाजत होतं.

"काही ऐकू येतंय?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "थोडं. उजवीकडून."

"मला पण येतं," ते म्हणाले, आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्या दारापाशी ठेवली. "दीड वर्ष झालं. बंद करा इंजिन, या बाहेर. सांगतो सगळं."